चिऊताईचं दार

ट्विटर म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगण्यात माझा एक मोठा कालखंड गेला. साधारण २००८ ते २०१०. संवाद ठरलेला असायचा. "म्हणजे एसेमेसच ना?" "हो, पण सगळ्यांना." "सगळ्यांना कशाला?" ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही :)

खरं सांगायचं तर मला ट्विटरचं तेवढं कौतुक नव्हतंच. मला मजा यायची ती ट्विटरच्या आजूबाजूला जे काय चाललं होतं त्याची. जेजुरीला गेल्यावर काही लोक दर्शनाच्या रांगेत उभे राहतात आणि काही लोक बाहेरची दुकानं बघत फिरतात. भंडारा, हार, पेढे, फोटोफ्रेम, आणि दोन रुपयांत चपला सांभाळणारा तो माणूस. मी पहिल्यापासून दुसऱ्या गटातला. आणि २००८-०९ साली ट्विटरच्या बाहेर जी दुकानं लागली होती ना, तशी जत्रा मी नंतर कुठेच बघितली नाही.

सकाळी हापिसात आल्यावर पहिला अर्धा तास गूगल रीडर (देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, २०१३ साली गेला बिचारा). त्यात टेकक्रंच, मॅशेबल, रीडराइटवेब. रोज एक तरी बातमी ठरलेली: अमक्याने ट्विटरसाठी नवीन टूल काढलं, तमक्याने ते विकत घेतलं, ट्विटर आज पुन्हा बंद पडलं. बंद पडलं की ती पक्ष्यांनी उचललेली देवमाशाची स्क्रीन यायची, आणि मग त्या देवमाशाचीसुद्धा बातमी. 'ट्विटर वापरणाऱ्यांसाठी ५० साधनं' छापाच्या याद्या तर इतक्या यायच्या, की त्या याद्यांची यादी करायचं एक टूल कोणीतरी काढेल असं वाटायचं.

आता आठवून बघितलं की गंमत वाटते. ट्विटर जुलै २००६ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि दोनच महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, त्यांनी एपीआय देऊन टाकला. म्हणजे घर बांधून पुरं व्हायच्या आधीच मागचं दार उघडं ठेवलं आणि सांगितलं, या, काय न्यायचं ते न्या. मग लोक आले. आयकॉनफॅक्टरी नावाच्या छोट्या कंपनीने जानेवारी २००७ मध्ये मॅकसाठी ट्विटरिफिक काढलं. पक्ष्याचं चित्र ट्विटरच्या आधी त्यांनी वापरलं, आणि 'ट्वीट' हा शब्दही रूढ झाला तो त्यांच्यापासून. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना नावाच्या एका माणसाने सुचवलं की विषयाच्या आधी पाउंडचं चिन्ह लावूया. झाला हॅशटॅग. समोरच्याच्या नावाआधी ॲट लावून उत्तर देणं लोकांनीच सुरू केलं, 'आरटी' लिहून दुसऱ्याचं वाक्य पुढे ढकलणंही लोकांचंच. अधिकृत रिट्वीट यायला नोव्हेंबर २००९ उजाडला. शोध? तो समाइझ नावाच्या वेगळ्याच कंपनीचा, ट्विटरने ती जुलै २००८ मध्ये विकत घेतली. फोटो? ट्विटपिक. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला हडसन नदीत विमान उतरलं तेव्हा जगाने बघितलेला तो फोटो ट्विटरवर नव्हता, ट्विटपिकवर होता. ट्विटरकडे फोटो ठेवायची सोयच नव्हती! आणि स्क्रीन खाली ओढून सोडली की ताजं होतं, ती आज तुमच्या बँकेच्या ॲपमध्येसुद्धा असलेली युक्ती? ती लॉरेन ब्रिक्टर नावाच्या पोराने ट्वीटी नावाच्या आयफोन ॲपमध्ये काढली.

थोडक्यात काय, ट्विटर कमी आणि त्याच्या अंगावरचे दागिने जास्त, आणि ते सगळे शेजारच्यांकडून आणलेले.

आपल्याकडे प्रकार अजून वेगळा होता. आयफोन वगैरे पुण्यात कोणाकडे असलाच तर ऑनसाइटवरून परत आलेल्याकडे. आम्ही नोकियावाले. आधी ऑपेरा मिनीत डाबर उघडायचो (च्यवनप्राशवालं नव्हे, तसंच ऐकू येणारं एक मोबाइल संकेतस्थळ. अगदी साधं, चित्रंबित्रं नाहीत, जीपीआरएसवर पटकन उघडायचं). मग मी ई६३ घेतला आणि त्यावर ग्रॅव्हिटी टाकलं. सिंबियनवर चालणारं ते एक अप्रतिम ॲप होतं. मोबाइलच्या सॉफ्टवेअरसाठी आयुष्यात पहिल्यांदा मी खिशातून पैसे काढले ते त्यासाठी. बायको म्हणाली, "फुकटच्या गोष्टीला पैसे?" आता ट्विटर फुकट आणि ट्विटर वाचायचं ॲप विकत, हे तिला समजावणं म्हणजे वरच्या संवादाचा भाग दुसरा झाला असता. टाळलं.

हापिसात डेस्कटॉपवर ट्वीटडेक. त्यात एका कोपऱ्यात आकडा दिसायचा, ह्या तासात अजून किती वेळा ट्विटरला विचारता येईल त्याचा. तेव्हा मर्यादा होती तासाला १५० वेळा. एकदा ताजं करायचं म्हणजे मुख्य यादी, तुमच्या नावाचे उल्लेख आणि खाजगी निरोप अशा तीन हाका. म्हणजे तासाला पन्नास वेळा, साधारण दर बहात्तर सेकंदांनी एकदा. टँकर यायच्या दिवशी बादल्या मोजून भराव्यात तसे आम्ही ट्वीट वाचायचो.

इथे जरा तांत्रिक गोष्ट येते. कंटाळा येणार असेल तर पुढचे दोन परिच्छेद गाळा, मी रागावणार नाही.

१४० अक्षरांची मर्यादा आली एसेमेसमुळे. एसेमेस १६० अक्षरांचा, त्यातली २० वापरणाऱ्याच्या नावासाठी राखून ठेवली. पण ही १६० रोमन लिपीची. देवनागरीत एसेमेस पाठवला तर मर्यादा ७० वर येते. वेबवर १४० खरे, पण ते अक्षरं मोजत नाहीत, युनिकोडचे तुकडे मोजतात. 'विठ्ठल' तुम्हाआम्हाला तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत सहा: व, वेलांटी, ठ, पाय मोडायची खूण, पुन्हा ठ, ल. 'ज्ञानेश्वर' चार अक्षरांचे, भरतात दहा. एक छोटा क्लायंट तर बाइट मोजायचा, आणि देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट लागतात, म्हणजे सेहेचाळीसाव्या तुकड्यालाच त्याच्या मते आपली बडबड पुरे! (२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मर्यादा २८० झाली तेव्हा चिनी, जपानी आणि कोरियन सोडून सगळ्यांना दुप्पट मिळाली, आपल्यालाही. मोजायची पद्धत मात्र तीच राहिली.)

हॅशटॅगचा किस्सा तर मी अजून नवीन मुलांना सांगतो. शब्द कुठे संपतो हे ओळखायला जी साधी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितात, तिला काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरं वाटतच नाहीत. म्हणजे '#मराठी' लिहिलं की म घेतला, र घेतला, काना आला की गाडी थांबली. निळ्या रंगात उरायचं काय? 'मर'. मराठी माणसाने अभिमानाने मराठीत हॅशटॅग लिहावा आणि यंत्राने त्याला उत्तर द्यावं, मर. आजही अनेक भाषांमधली तयार 'शब्द' ओळखणारी खूण नेमकी इथेच अडखळते. खोटं वाटत असेल तर पायथॉनमध्ये करून बघा.

असो. तर ह्याच त्राग्यातून २००९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक पान बनवलं. पीएचपीमध्ये, एक चौकोन आणि एक बटण. मराठीत लिहा, किती तुकडे झाले आणि किती उरले ते नीट दाखवायचं, बटण दाबलं की ट्वीट जायचं. बस. एकूण एकतीस जणांनी ते वापरलं. ह्यातल्या सहा जणांना मी ओळखत होतो. आता लक्षात घ्या, तेव्हा असल्या पानावर तुमचं ट्विटरचं नाव आणि पासवर्ड दोन्ही भरावं लागायचं. म्हणजे पंचवीस अनोळखी माणसांनी, कोण कुठला मी, मला आपल्या घराची किल्ली दिली होती. मी ती साठवत नव्हतो, पण हे त्यांना कसं कळणार? ३१ ऑगस्ट २०१० ला ट्विटरने ही पद्धत बंद करून ओऑथ सक्तीचं केलं. लोकांनी त्याला प्रलयबिलय म्हटलं, पण मला विचाराल तर ते आधीच करायला हवं होतं. माझं पान मी त्याच दिवशी उतरवलं. प्रोजेक्ट गो-लाइव्हला होता आणि एकतीस जणांपैकी दोघंच उरले होते, त्यातला एक मी.

खरी गंमत त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली. ट्विटरमध्ये पैसे गुंतवलेल्या फ्रेड विल्सन यांनी लिहिलं की आतापर्यंत बाहेरच्यांनी केलेलं बरंचसं काम म्हणजे ट्विटरमधली भोकं बुजवण्याचं होतं, आता पुढचं काहीतरी करा. दोन-तीन दिवसांत बातमी, ट्विटरने ट्वीटी विकत घेतलं, आता तेच अधिकृत ॲप. आणि त्यानंतरच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डेव्हलपर लोकांसाठी चर्प नावाची पहिली परिषद! पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि दारातच सांगायचं की आचारी आम्ही ठेवलाय, तुमचे डबे परत न्या. त्याच परिषदेत ट्विटरने सांगितलं की त्यांचे नोंदणी केलेले वापरकर्ते साडेदहा कोटींच्या घरात आहेत आणि पाऊण वाटा ट्रॅफिक त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळाबाहेरून येतो. हा पाऊण वाटाच त्यांना खुपत असणार.

मी ती बातमी वाचली तेव्हा 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून मोकळा झालो होतो. आता वय वाढल्यामुळे म्हणा, किंवा पगार दुसऱ्या बाजूने येतो म्हणून म्हणा, त्यांची बाजूही दिसते. ॲप दुसऱ्याचं असेल तर जाहिरात कुठे दाखवणार? सर्व्हरचं बिल तुमचं, देवमासा दिसला की शिव्या तुम्हाला, आणि वापरणारा माणूस मात्र ट्वीटडेकचा. कुठल्याही धंद्याला हे फार दिवस परवडणारं नाही. मला ॲप बंद करण्याचा राग नाही, ज्या पद्धतीने केलं त्याचा आहे. एका झटक्यात नाही, हप्त्याहप्त्याने. मार्च २०११ मध्ये सांगितलं की आमच्यासारखं दिसणारं नवीन ॲप बनवू नका. मे २०११ मध्ये ट्वीटडेकच विकत घेतलं. ऑगस्ट २०१२ मध्ये नियम आला की नवीन क्लायंटला जास्तीत जास्त एक लाख वापरकर्ते, पुढे आमची परवानगी. यशस्वी झालात की मेलात! टॅपबॉट्सने त्या ऑक्टोबरमध्ये मॅकसाठी ट्वीटबॉट काढलं ते वीस डॉलरला. लोक ओरडले, महाग आहे म्हणून. पण जागाच लाखभर असतील तर तिकीट महागच ठेवावं लागणार, नाहीतर पुढची वर्षानुवर्षं दुरुस्ती कोणाच्या पैशाने करायची? ऑगस्ट २०१८ मध्ये लगेच-लगेच सूचना देणारी सोय काढून घेतली. ज्यांनी दागिने दिले त्यांना आधी ओसरीवर, मग अंगणात, मग फाटकाबाहेर.

ह्या सगळ्यात एक दुकान मात्र असं आहे की त्याचं नाव काढलं की मी गप्प होतो.

एप्रिल २०२१. पुणे. त्या महिन्याबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. माझ्या मावसभावाचा ऑक्सिजन खाली जात होता आणि बेड मिळत नव्हता. व्हॉट्सॲपवर येणारा प्रत्येक नंबर एकतर बंद, नाहीतर उचलणारा माणूस रडकुंडीला आलेला, "अहो, दोनशे फोन आलेत सकाळपासून, माझ्याकडे काही नाहीये." तेव्हा कोणीतरी एक पान पाठवलं. अगदी साधं. शहराचं नाव लिहा, काय हवंय त्यावर टिक करा: बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा. बटण दाबलं की ट्विटरचा शोध उघडायचा, ताजे ट्वीट वर.

रात्री दीड वाजता, एका हातात फोन धरून, मी त्या पानाने बनवलेला पत्ता वाचला. सवय जात नाही. शहर, त्यापुढे 'व्हेरिफाइड' हा शब्द हवाच, मग बेड किंवा बेड्स किंवा ऑक्सिजन, आणि नंतर वजाबाकी: 'नीडेड' नको, 'रिक्वायर्ड' नको, 'अनव्हेरिफाइड' नको. म्हणजे मागणारे गाळायचे आणि देणारे ठेवायचे. त्या दिवसांत मागणारे हजारो होते, देणारे मूठभर, आणि ते मूठभर त्या हजारोंखाली गाडले जात होते. त्या मुलाने, किंवा मुलीने, नवीन काही बनवलं नव्हतं. चार शब्द वजा केले होते. एवढं सुचायला लागतं ते वेगळंच.

त्यातून मिळालेल्या नवव्या फोनवर एका बाई म्हणाल्या, "कॉन्सन्ट्रेटर आहे, पण तुम्ही आत्ता येऊन न्यायचा, आणि झाला की पुढच्याला तुम्ही नेऊन द्यायचा." भाऊ त्यावर पाच दिवस राहिला, मग बेड मिळाला. आता ठणठणीत आहे, परवाच माझ्याशी आंब्याच्या पेटीवरून भांडला. मशीन पुढे हडपसरला एका आजोबांकडे नेऊन दिलं. ते कसे आहेत हे विचारायचं धैर्य मी केलं नाही.

तेव्हा डोक्यात एक साखळी लागली. ते पान ट्विटरच्या शोधावर उभं. तो शोध मुळात समाइझचा, म्हणजे बाहेरच्यांचाच. आणि समाइझ उभं राहू शकलं कारण २००६ साली कोणीतरी मागचं दार उघडं ठेवलं होतं. दार उघडं ठेवताना ह्यातून पंधरा वर्षांनी पुण्यात कोणाला ऑक्सिजन मिळेल असा विचार कोण करणार?

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकलं गेलं. १२ जानेवारी २०२३ ला ट्विटरिफिक, ट्वीटबॉट वगैरे सगळी ॲप अचानक बंद पडली. सूचना नाही, पत्र नाही. बनवणाऱ्यांना वाटलं काहीतरी बिघाड असेल. आठवड्याने नियमावलीत एक नवीन ओळ आली, की असले क्लायंट चालणार नाहीत. फेब्रुवारीत जाहीर झालं की फुकट एपीआय बंद. ज्यांनी वर्षाची वर्गणी घेतली होती त्यांच्यावर ती परत करायची वेळ आली, म्हणून ट्विटरिफिक आणि ट्वीटबॉटने आपल्या ॲपमध्ये एक बटण टाकलं: मला पैसे परत नकोत. सोळा वर्षं ज्यांनी चिमणीला घर बांधून दिलं, ते शेवटी ग्राहकांच्या दारात उभे राहिले. लहानपणीची चिऊ-काऊची गोष्ट आठवा. पावसात भिजलेला कावळा बाहेर आणि चिऊ आत बाळाची आंघोळ-पावडर करत बसलेली. फरक एवढाच, की इथे मेणाचं घर कावळ्यांनीच बांधलेलं होतं. जुलैमध्ये चिमणीही उडाली, एक्स ठेवलं नाव.

हे सगळं आजच का आठवतंय, तर कारण आहे.

मी सध्या ज्या कंपनीत आहे ती सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. मेंटेनन्सची बिलं, गेटवरच्या नोंदी, पाण्याच्या टँकरचा हिशोब. सहा वर्षांपूर्वी आम्हीही एपीआय उघडला होता, ग्राहक मिळत नव्हते म्हणून. बाहेरच्या बावीस लोकांनी त्यावर काहीबाही बनवलं. सांगलीचा एक मुलगा आहे, तो आमची बिलं उचलून मराठीत ऑडिटचा अहवाल काढून देतो. आमच्या सॉफ्टवेअरला आजतागायत ते जमलेलं नाही. चाळीसेक सोसायट्या केवळ त्याच्या अहवालासाठी आमच्याकडे टिकून आहेत, हे मला माहीत आहे, आमच्या सेल्सला मान्य नाही. आता आमचंही अहवालाचं मॉड्यूल येतंय, आणि 'स्ट्रॅटेजिक कारणांसाठी' ३१ मार्चला एपीआय बंद करायचा प्रस्ताव आहे. एपीआय माझ्या टीमकडे असल्यामुळे बाहेर पाठवायचं पत्र मी लिहायचंय. मसुदा आला आहे, चार ओळींचा. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार'पासून सुरू होतो.

मी चार ओळींचा दीड पानं केला आहे. मार्चऐवजी पुढच्या वर्षीचा मार्च. तोपर्यंत जुन्यांना सगळं चालू, फक्त नवीन किल्ल्या बंद. त्यांचा आणि त्यांच्या ग्राहकांचा डेटा साध्या फाइलमध्ये काढून घ्यायची सोय. आणि ज्यांच्या वर्गण्या वर्षाच्या मध्यात आहेत त्यांची यादी, नुकसानीचा आकडा लिहून. सांगलीच्या आकड्यापुढे मी दुसरा एक आकडा लिहिलाय, त्याचा अहवाल विकत घेऊन आमच्यात टाकला तर काय पडेल त्याचा. आमचं मॉड्यूल बनवण्याच्या खर्चाच्या तो एक तृतीयांश आहे. सगळा हिशोब दोनदा तपासला.

सोमवारी साडेअकराला मीटिंग आहे. साहेब चांगले आहेत, पण त्यांना तिमाहीच्या पलीकडचं दिसलं की ते घड्याळ बघायला लागतात. दीड पान त्यांना लांब वाटेल, म्हणून आकड्यांचा तक्ता वरती घेतलाय आणि 'आभार' खाली ढकललेत.

कालच त्या मुलाचा फोन आला होता, वेगळ्याच कामासाठी. नवीन आर्थिक वर्षासाठी एक रकाना वाढवून मिळेल का म्हणून. मी म्हटलं, मंगळवारी सांगतो.